बडोद्याचा वड आणि त्याचे बिऱ्हाडकरू

बडोद्याच्या जुन्या शहराबाहेर, दक्षिणेच्या अंगाला प्रतापनगर नावाचे रेल्वेस्थानक आहे. पूर्वी त्यास गोया गेट म्हणत. रेल्वेच्या इतिहासात या ठिकाणाला काही मान आहे. गायकवाड सरकारने डभई ते मियागाम ही अरुंद मापाची लोहवाट १८६२ मध्ये घातली, तेव्हा तिच्यावरील डबे बैल ओढीत असत. वाफेची इंजिने तेथे नियमाने धावू लागली ती १८७३ पासून. डभईचा फाटा गोया गेटपर्यंत आला तो १८८०-८१ च्या सुमारास. आता तेथे रुंद मापाचे रूळ आहेत, १७ जानेवारी २०२१ पासून केवडियाकडे जाणाऱ्या गाड्या त्यावरून धावू लागल्या आहेत, आणि जुन्या अरुंद गाडीची स्मृती प्रतापनगरच्या संग्रहालयात जतन करून ठेवली आहे.

हे माणसांच्या दळणवळणाविषयी झाले. याच मुलखात आणखी एक दळणवळण चालू आहे. ते रेल्वेहून फार जुने असून त्याची नोंद मात्र कोणत्याही वेळापत्रकात सापडत नाही. जुन्या वीटकामाच्या भेगांत, पुलांच्या कमानींत, टाक्यांच्या कठड्यांवर दर पावसाळ्यात वडा-पिंपळाची इवलाली रोपे डोके वर काढतात. पूल तपासणारे रेल्वेचे लोक ती उपटून टाकतात, आणि पुढील वर्षी ती पुन्हा उगवतात. ही रोपे तेथे लावतो तरी कोण? प्रश्न वनस्पतिशास्त्राचा खरा. परंतु बडोद्यापुरता तो इतिहासाचाही आहे. कारण या नगराचे नावच मुळी वडावरून पडलेले आहे.

राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्कराज सुवर्णवर्ष याने शके ७३४ मध्ये, म्हणजे सन ८१२ च्या सुमारास, एक ताम्रपट दिला. त्या वेळी दख्खनच्या सिंहासनावर तिसरा गोविंद होता. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी कोरविले त्याच घराण्यातील हे राजे. या ताम्रपटाने वलभीहून आलेल्या भानु नावाच्या ब्राह्मणाला एक गाव इनाम दिले. गावाचे नाव वटपद्रक, म्हणजे वडाचे खेडे. ते अंकोट्टक चौऱ्याऐंशीत मोडत होते, आणि त्याच्या पश्चिमेस खुद्द अंकोट्टक, म्हणजे आजचे अकोटे, होते. त्या काळी अंकोट्टक हे शहर आणि वटपद्रक ही त्याच्या शेजारची लहानशी वस्ती, असा प्रकार होता. पुढे शहर मागे पडले आणि खेडे वाढले. वटपद्रकाचे वडोदरा झाले, मराठ्यांच्या तोंडी बडोदे झाले, इंग्रजांनी त्याचे बरोडा केले, आणि १९७४ पासून सरकारी दप्तरी पुन्हा वडोदरा आले. ‘वटोदर’, म्हणजे वडाचे पोट, अशीही एक व्युत्पत्ती लोक सांगतात. ती मागाहून जुळविलेली दिसते. तथापि वडाच्या पोटात काय काय असते हे पाहिले म्हणजे ती अगदीच टाकाऊ वाटत नाही.

एवढ्या झाडांतून गावाने वडाचेच नाव का घ्यावे? सावली हे एक उत्तर झाले. त्यापूर्वी हजार वर्षे अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याच्या कडेने वड लावविल्याचे नमूद केले आहे, आणि ही सावली पशूंसाठी व माणसांसाठी आहे असे म्हटले आहे. त्यात पशूंचा उल्लेख व्हावा हे लक्षात घेण्याजोगे आहे. वड हे एकट्या माणसाचे झाड नव्हे हे त्या राजाला कळले होते.

परंतु वडावर कोण कोण राहतात आणि ते एकमेकांशी कसे वागतात, हे या मुलखात बारकाईने पाहून लिहून ठेवले ते एका इंग्रजाने. जेम्स फोर्ब्स हा कंपनी सरकारचा नोकर सन १७८० ते १७८३ या काळात डभईचा कलेक्टर होता. बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांची १७३१ मध्ये लढाई झाली तीच ही डभई. प्रतापनगरहून गाडीने ती सुमारे ३० किलोमीटरांवर येते. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धात इंग्रजांनी डभई घेतली, आणि सालबाईच्या तहानंतर १७८३ मध्ये ती मराठ्यांना परत दिली. तेव्हा फोर्ब्सलाही ती सोडावी लागली. ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ हा त्याचा चार खंडांचा ग्रंथ १८१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील राजकारणाचा भाग आज कोणी फारसा वाचीत नाही. वडाविषयीची त्याची पाने मात्र अद्यापि ताजी आहेत.

भडोचजवळ, शुक्लतीर्थाच्या समोर, नर्मदेतील एका बेटावर कबीरवड आहे. कबीराने टाकलेल्या दातणातून तो उगवला अशी आख्यायिका आहे. फोर्ब्सच्या वेळी पुरांनी त्याचा बराच भाग वाहून नेला होता, तरी उरलेल्या वडाच्या मुख्य खोडांभोवती जवळजवळ दोन हजार फुटांचा घेर भरे. मोठी खोडे साडेतीनशे आणि लहान तीन हजारांवर. त्याच्या सावलीत सात हजार माणसे विसावू शकतात असे त्याने लिहिले आहे. लांबी-रुंदीच्या या आकड्यांचीच पुढे जगभर प्रसिद्धी झाली. त्यांहून मोलाचे असे त्याचे एक निरीक्षण मात्र मागे राहिले. त्याने म्हटले आहे की, हिरवी पारवे, कबुतरे, मोर, वानरांची कुटुंबे आणि मोठमोठी वटवाघळे हे सारे त्या एकाच झाडावर राहतात. झाड त्यांना नुसता आसरा देऊन थांबत नाही, तर आपल्या लालबुंद फळांनी त्यांचे पोटही भरते. म्हणजे घर आणि अन्नछत्र एकच. आज ज्याला परिसंस्था म्हणतात तिचे वर्णन, तो शब्द जन्माला येण्यापूर्वी शंभरांहून अधिक वर्षे, नर्मदेच्या काठी झालेले आहे.

फोर्ब्सच्या लेखनात वानरांना मोठी जागा मिळाली आहे. झोपलेल्या सापाची मान वानर कशी पकडतात, जवळच्या धोंड्यावर त्याचे तोंड कसे घासून काढतात, आणि मग तो निरुपद्रवी झालेला साप पिलांपुढे खेळावयास कसा टाकतात, हे त्याने सांगितले आहे. एकदा शिकारीस गेलेल्या त्याच्या मित्राने वडाखाली एक वानरी मारून तंबूत नेली. लागलीच चाळीस-पन्नास वानरे तंबूभोवती गोळा झाली. बंदूक दाखविताच बाकीची हटली, परंतु त्यांचा म्होरक्या दाराशी येऊन करुण आवाजात विव्हळू लागला आणि हातवारे करून जणू ते प्रेत मागू लागला. ते मिळताच त्याने ते कवटाळून नेले. तो प्रसंग पाहणाऱ्यांनी पुन्हा कधी वानरावर बंदूक उचलायची नाही असे ठरविले.

खुद्द डभईचा किस्सा याहून वेगळ्या रंगाचा आहे. तेथे माणसांइतकीच वानरे, असे फोर्ब्सला वाटे. पावसाळ्याच्या तोंडी घरे शाकारून, कौले चाळून झाली म्हणजे एखादा सूडबुद्धीचा शेजारी वैऱ्याच्या छपरावर मूठ-दोन मूठ तांदूळ फेकून देई. वानरे धावून येत, वरचे दाणे वेचीत, आणि फटींत पडलेल्या दाण्यांसाठी एकेक कौल उपटून टाकीत. मग पाऊस सुरू होई, कौले बसविणारा माणूस मिळत नसे, आणि घरधनी घरात बसून भिजे. माणूस आणि प्राणी यांच्या परस्परसंबंधात माणसाने आपल्या भांडणाचाही उपयोग करून घेतला आहे तो असा!

असो. फोर्ब्सने झाडाच्या अंगाखांद्यावरचे सारे पाहिले. फळाच्या आत काय आहे ते मात्र त्याच्या नजरेस आले नाही. आणि वडाचा सर्वांत महत्त्वाचा बिऱ्हाडकरू तर तेथेच राहतो.

उंबराचे फूल दिसत नाही, म्हणून दुर्मिळ माणसाला आपल्याकडे उंबराचे फूल म्हणतात. वडाचेही तेच. ज्याला लोक फळ म्हणतात ती वस्तुतः बंद डबी होय. शेकडो बारीक फुले तिच्या आतल्या भिंतीवर असतात, आणि टोकाशी सूक्ष्म छिद्र असते. वारा आत शिरत नाही, मधमाशीही शिरत नाही. ‘उंबर फोडून केंबरे काढणे’ हा वाक्प्रचार झाकल्या भानगडी उकरून काढण्यास वापरतात. ही केंबरे म्हणजे पिकल्या फळात वावरणारी चिलटे, घाण म्हणून तुच्छ लेखलेली. झाडाचा सारा वंश त्यांच्या हाती आहे!

वडाचे केंबरू निराळे, उंबराचे निराळे, पिंपळाचे निराळे. वडाच्या केंबराला शास्त्रज्ञ ‘युप्रिस्टिना मॅसोनी’ म्हणतात. तिळाहूनही लहान अशी त्याची मादी कोवळ्या फळाच्या वासाने येते आणि त्या छिद्रातून आत घुसते. वाट इतकी अरुंद की, तीत तिचे पंख तुटून पडतात. परत फिरण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्या झाडावरून आणलेले पराग ती आतल्या फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते, आणि तेथेच मरते. ज्या फुलांत अंडे पडले त्यांत कीटक वाढतो. बाकीच्यांत बी धरते. काही आठवड्यांनी प्रथम नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात. फळातच माद्यांशी त्यांचा समागम होतो, मग ते भिंत कुरतडून भुयार खणतात, आणि उजेडाचे तोंडही बहुधा न पाहता मरतात. त्या भुयारातून पंखांच्या माद्या, अंगावर पराग घेऊन, बाहेर पडतात. आता त्यांच्यापाशी फार तर एक-दोन दिवसांचे आयुष्य असते. तेवढ्यात दुसरा वड, आणि त्यावर अगदी योग्य वयाचे फळ, सापडले पाहिजे.

हा व्यवहार माणसाला किती उमगला होता? अर्धामुर्धा, परंतु फार पूर्वीपासून. जैन श्रावकाने वड, पिंपळ, उंबर इत्यादी पाच ‘उदुंबर’ फळे वर्ज्य करावीत असा नियम आहे, तो फळात जीव असतात म्हणून. ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात, अलेक्झांडरच्या लोकांकडून ऐकलेला, पारंब्या सोडणारा हिंदुस्थानी वड वर्णिला, आणि त्याच ग्रंथात ग्रीसमधील रानअंजिरातून निघणारे कीटक बागेतले अंजीर कसे टिकवितात हेही सांगितले. दोन गोष्टी एका पुस्तकात आल्या, पण एकमेकींना भेटल्या नाहीत. बायबलातील आमोस हा संदेष्टा उंबराच्या एका भाऊबंदाची फळे पाही. त्या प्रदेशात त्या झाडाचे परागण करणारे कीटक नाहीत. त्यामुळे फळांना चिरा देऊन ती पिकवीत, आणि आमोसाचे काम तेच असावे असे अभ्यासक मानतात.

एकोणिसाव्या शतकातील कॅलिफोर्नियाच्या बागाईतदारांनी तर या ज्ञानाची थट्टा केली. १८८० नंतरच्या दशकात त्यांनी स्मर्ना येथील नामांकित अंजिरे नेऊन लावली. झाडे वाढली, परंतु फळे पिकण्याआधीच गळू लागली. स्मर्नाकडचे शेतकरी रानअंजीर बागेत टांगतात, हे त्यांना अडाण्यांचे खूळ वाटले. अखेर १८९९ मध्ये वॉल्टर स्विंगल याने अल्जीरियातून कीटकांसह रानअंजिरे पाठविली, तेव्हा झाडांना पीक टिकले. झाड नेले पण त्याचा सोबती मागे राहिला, तर काय होते हे त्या वीस वर्षांनी दाखविले.

मात्र वडाच्या या घरात सारेच भाडे भरणारे राहतात असे समजू नये. पराग न आणता केवळ अंडी घालणाऱ्या परोपजीवी चिलटांच्या कितीतरी जाती आहेत; त्या आत शिरण्याची तसदीही घेत नाहीत, बाहेरूनच लांब सुई खुपसतात. मुंग्या फळांवर फिरून अशा चिलटांना टिपतात, म्हणून मुंग्यांचा पहारा झाडाच्या पथ्यावर पडतो. परंतु त्याच मुंग्या बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांनाही सोडीत नाहीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंबरावर वर्षानुवर्षे जे काम केले आहे, त्यातून असे दिसले की सूक्ष्म कृमीदेखील केंबराच्या अंगावर बसून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात. बिनतिकिटाचे प्रवासीच म्हणायचे! थोडे असले तर गाडी त्यांना वाहून नेते. गर्दी झाली की गाडीचेच हाल होतात.

फळ पिकले की दुसरी पाळी सुरू होते. तांबट, साळुंक्या, कोकीळ, बुलबुल दिवसा येतात. रात्री वटवाघळे येतात. मराठीत त्यांना वडवाघूळ असेही म्हणतात, त्या नावातच वड आहे. हरियालही थव्यांनी येतो, पण त्याच्या पोटातील जात्यात बरीचशी बीजे भरडून जातात. तो झाडाचा गिऱ्हाईक खरा, वाटाड्या नव्हे. बाकीच्यांच्या विष्ठेतून बी धडधाकट बाहेर पडते, आणि पडते ते फांदीच्या बेचक्यात, ताडाच्या किंवा खजुरीच्या झावळ्यांच्या बगलेत, नाहीतर पुलाच्या भेगेत. वडाच्या बीला आरंभी माती लागतच नाही. थोडा ओलावा आणि थोडा कचरा त्याला पुरतो. तेथून ते मुळ्या खाली सोडते, आणि त्या जमिनीला टेकल्या की मग ज्या ताडाने त्याला खांद्यावर घेतले त्यालाच हळूहळू आवळते. कालांतराने ताड नाहीसा होतो आणि वड उरतो. निसर्गात परोपकार दिसतो तेथे कृतघ्नताही शेजारीच दिसते. त्यातील एकच बाजू सांगणे हे शालेय पुस्तकाला शोभते, इतिहासाला नाही. प्रतापनगरसारख्या ठिकाणच्या वीटकामातील रोप हे याच व्यवहारातले. पूल तपासणारा ते उपटतो यात त्याचा काही दोष नाही. ते राहिले तर पूल राहणार नाही.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. एका वडावरची फळे बहुधा एकदमच कोवळी असतात आणि एकदमच पिकतात. त्यामुळे त्या झाडातून निघालेल्या माद्यांना त्याच झाडावर घर मिळत नाही. त्यांना दुसरा वड हवा, आणि त्याचा हंगाम वेगळा हवा. बाराही महिने कोठेतरी एक वड कोवळ्या फळांनी भरलेला असावा लागतो. एकदा साखळीत खंड पडला की दोन दिवसांत कीटकांची ती पिढी संपते. वारा त्यांना साहाय्य करतो. नामिबियाच्या कोरड्या प्रदेशात उंबराच्या एका आफ्रिकी भाऊबंदाचे कीटक १६० किलोमीटरांपर्यंत जातात असे २००९ मध्ये दाखविण्यात आले. वडाच्या बाबतीतही अंतराचा हिशेब असाच मोठा धरला, तर प्रतापनगरचे, डभईचे, पावागडच्या पायथ्याचे आणि कबीरवडाचे झाड अशी निरनिराळी झाडे राहत नाहीत. ते एकच कुटुंब ठरते. एकट्या वडाचे आयुष्य शेकडो वर्षांचे असते. कलकत्त्याजवळील शिवपूरच्या बागेतील विख्यात वडाचे मूळ खोड रोगाने कुजल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, तरी पारंब्यांवर ते झाड आजही उभे आहे. म्हणून एखादा वड तोडला तर काही बिघडल्याचे लवकर कळत नाही. उरलेली झाडे हिरवी दिसतात, सावली देतात. तुटते ते झाडांमधील अंतर. ते डोळ्यांना दिसत नाही.

आज शहरांतून जुने वड जातात ते बहुतेक रस्त्यांच्या रुंदीकरणात. एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावण्याची अट घातली जाते. परंतु ती रोपे बहुधा गुलमोहराची किंवा दुसऱ्या कोणत्यातरी शोभेच्या झाडाची असतात. जे वड वाचतात त्यांच्या बुंध्याशी फरशी बसते, आणि वाहनांच्या डोक्याला लागतात म्हणून पारंब्या जमिनीला टेकण्यापूर्वीच छाटल्या जातात. म्हणजे वडाने वडासारखे वाढूच नये असा हा बंदोबस्त. वटपौर्णिमेला फांद्या तोडून बाजारात विकावयाच्या आणि घरात त्यांची पूजा करावयाची, ही शहरी सोयही यातच मोडते. व्रत मूळचे झाडाजवळ जाण्याचे आहे. वडाचे लाकूडही फारसे किमतीचे नाही. त्यामुळे तोडीच्या हिशेबात घनफुटांवर जी रक्कम मांडली जाते ती सागापुढे क्षुल्लक असते, आणि तांबट, वडवाघूळ नि केंबरू यांच्यासाठी त्या कागदावर रकानाच नसतो.

नवा वड लावणे अवघड नाही. काही नगरांतून हौशी मंडळी भिंतींतील रोपे पावसाळ्यात मुळासकट अलगद काढून कुंड्यांत वाढवितात आणि मग मोकळ्या जागी लावतात. त्यामुळे पूलही वाचतो व रोपही. मनगटाएवढी जाड फांदी पहिल्या पावसात रोवली तरी ती बहुधा धरते. मात्र अशा फांदीपासून झालेली झाडे मूळ झाडाच्याच रक्ताची असतात. बीपासूनची निरनिराळ्या रक्ताची, म्हणून आणि निरनिराळ्या वेळी फळणारी, म्हणून ती अधिक मोलाची. रोपाला फळे धरावयास पुष्कळ वर्षे लागतात. तोपर्यंत केंबरांना उतरावयाला जुने वड उभे असावे लागतात.